सदोष जोड्याची पादटीप

चपलांच्या दुकानातील बिलावर सर्वांत ठळक अक्षरांत दुकानाचे नाव असते, हे कोणीही सांगेल. सर्वांत बारीक अक्षरांत काय असते, हे मात्र बहुतेकांना जोडा तुटल्यावरच कळते. बिलाच्या अगदी तळाशी, ‘धन्यवाद, पुन्हा अवश्य या’ या आर्जवाच्या खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे वाक्य छापलेले असते, आणि ही दोन वाक्ये एकत्र वाचल्यास ग्राहकाने पुन्हा अवश्य यावे, पण हात हलवत यावे, असा त्यांचा संयुक्त अर्थ निघतो. ग्रंथाच्या पानाच्या पायथ्याशी दिलेल्या खुलाशाला पादटीप म्हणतात. परंतु जिचे स्थानही पाय आणि विषयही पाय, अशी टीप अख्ख्या लेखनव्यवहारात ही एकच असावी. तिला कायद्यात किती किंमत आहे हे पुढे पाहावयाचे आहे. तथापि दुकानदार आणि ग्राहक यांच्यातील मूळ तंटा टिपेचा नसून चालण्याचा आहे, हे आरंभीच नोंदवलेले बरे. पंखा बिघडलेला आहे की नाही हे तो फिरवून पाहता येते आणि फिरवल्याने तो झिजला असे कोणी म्हणत नाही. जोड्याचा दोष मात्र चालल्यावाचून कळत नाही, आणि चालल्यावर जो कळतो तो चालल्यामुळेच झाला, असे म्हणायला समोरचा मोकळा असतो.

‘पादत्राण’ हा शब्द ‘पाद’ म्हणजे पाय आणि ‘त्राण’ म्हणजे रक्षण यांपासून झाला आहे. व्युत्पत्ती हा पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात असता तर, पहिल्याच दिवशी टाचेवर फोड आणणारी वस्तू मुळात पादत्राण नव्हतीच, असा बिनतोड युक्तिवाद करता आला असता. बोलीत मात्र या शब्दाला कोणी विचारत नाही. तेथे वहाणा आहेत, पायताण आहे, चपला, सपाता, बूट आहेत, आणि राग आल्यास खेटर आहे. दुकानातून नेताना ज्याला ‘शूज’ म्हटले जाते त्यालाच पंधरवड्याने परत आणताना ‘हे तुमचं खेटर’ म्हटले जाते, आणि एवढ्या शब्दांतराने वस्तूच्या अवस्थेचा पंचनामा पुरा होतो. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा शब्द म्हणजे ‘जोडा’, कारण तो एकवचनी असून वस्तू मात्र दोन असतात. डाव्याचा सोल तोंड वासून बसलेला आणि उजवा ठणठणीत, अशी स्थिती आली की ‘अर्धाच तर खराब झालाय’ असा दुकानदाराचा सूर असतो. पण विक्री एका जोड्याची झालेली असल्याने एका पायाचा दोष हा साऱ्या जोड्याचा दोष ठरतो. केवळ डावा बदलून देण्याचा प्रस्ताव आल्यास तो नाकारण्यात शहाणपण असते, कारण दुकानात सुटा डावा मिळाला तर तो बहुधा काचेच्या कपाटात दिव्याखाली वर्षभर उभा राहिलेला, आणि म्हणून उजव्यापेक्षा दोन छटा उजळलेला असतो.

दोषाची मीमांसा करण्यापूर्वी मापाची करावी लागते, कारण परत येणाऱ्या जोड्यांत लहानमोठे निघाल्याची तक्रार नित्याची आहे. भारतात ज्याला ‘नंबर’ म्हणतात ते माप इंग्लंडचे असून त्याचे एकक जवाचा दाणा हे आहे. तीन जव उभे एकापुढे एक मांडले की एक इंच होतो, आणि एक नंबर वाढला की बुटाची लांबी एका जवाने वाढते. प्रौढांचा सात नंबर म्हणजे बत्तीस जव लांबीच्या कालबुतावर चढवलेला बूट. कालबूत म्हणजे पायाच्या आकाराचा तो ठोकळा, ज्यावर बूट ताणून घडवतात. जव हे माप भारतालाही परके नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुल सांगितले आहे. फरक इतकाच की येथे दाणे आडवे, रुंदीने मोजले जात, आणि हा फरक विसरून हिशेब केला तर सात नंबरवाल्याचे पाऊल अवघे चार अंगुळे भरते. बॉक्सवर सातच्या शेजारी जो एक्केचाळीसचा आकडा असतो तो युरोपचा, दोन-तृतीयांश सेंटीमीटरच्या पट्टीने मोजलेला. एवढ्या परदेशी पट्ट्या लावूनही पाय बसत नाही याचे कारण असे की नंबर हा लांबीचा असतो आणि येथील पाय बहुधा रुंदीला अधिक असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांचे पाय मोजून ‘भा’ नावाची देशी मापपद्धती सुचवली आहे ती याचसाठी. ती रूढ होईपर्यंत ग्राहक एका कंपनीत सात, दुसरीत आठ आणि घरी जुन्या चपलेत सुखी असतो.

बुटाचा दोष आणि पायाचा दोष यांत कायदा भेद करतो, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. जोडा निर्दोष आहे पण घट्ट होतो, रंग घरच्यांना पसंत पडला नाही, किंवा तसलाच शेजाऱ्याने दोनशे रुपयांनी स्वस्त आणला, या कारणांसाठी तो परत घेण्याचे बंधन भारतीय दुकानदारावर नाही. तेथे जे मिळते ते सौजन्य, हक्क नव्हे. म्हणून दुकानातील चाचणीला महत्त्व येते, आणि ती चाचणी पाहण्यासारखी असते. दिवसभराच्या उभे राहण्याने पाय संध्याकाळी किंचित सुजतात, त्यामुळे खरेदी संध्याकाळी करावी असा जाणत्यांचा सल्ला असतो. प्रत्यक्षात ती दुपारी, घाईत, एकाच पायात घालून केली जाते, आणि तोही पाय नेमका दोहोंतील लहान असतो. समोर घोट्यापर्यंतच दाखवणारा तिरका आरसा असतो, खाली गालिचा असतो, आणि विक्रेता ‘चालून बघा ना, काका’ असे म्हणत वाट मोकळी करून देतो. ग्राहक सहा-सात पावले जातो, वळतो, अंगठा दाबून बघतो, चेहऱ्यावर गंभीर भाव आणतो, आणि घट्ट वाटते असे म्हणताच ‘लेदर आहे, पायाला बसेल’ व सैल वाटते असे म्हणताच ‘मोजे घातलेत की बरोबर होईल’ ही उत्तरे त्याला मिळतात.

या सात पावलांनी संबंध कायमचा जुळला अशी समजूत दुकानांत रूढ असली, तरी तिची सप्तपदीशी गल्लत होत असावी. सातवे पाऊल टाकताच बंधन पक्के होते, अशी तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात ती नाही. त्या कायद्यानुसार खरेदीदाराला वस्तू तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने ती स्वीकारली असे मानले जात नाही, आणि ती नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतल्यास मात्र स्वीकारली असे मानले जाते. ‘वाजवी’ म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. जोड्याच्या बाबतीत गालिच्यावरची सात पावले ही वाजवी संधी खचित नव्हे. ती बसथांब्यापर्यंत धावून, खड्डा ओलांडून आणि देवळाच्या चार पायऱ्या चढून झाल्यावरच मिळाली, असे म्हणता येईल. याच कायद्याच्या कलम १६ मध्ये, तो माल नेहमी विकणाऱ्याकडून घेतलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे, अशी अध्याहृत अट, म्हणजे कोणी उच्चारली नाही तरी सौद्यात असतेच अशी अट, घातलेली आहे. मात्र खरेदीपूर्वी वस्तू तपासली असेल तर त्या तपासणीत दिसावयास हवा होता तो दोष पुढे करता येत नाही. दोन्ही बूट डाव्याच पायाचे आहेत, हे दुकानातच लक्षात यायला हवे.

‘दोष’ या शब्दाची व्याख्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. हा कायदा १९८६ च्या त्याच नावाच्या कायद्याची जागा घेऊन जुलै २०२० मध्ये अमलात आला, आणि त्याच्या लेखी गुणवत्ता, प्रमाण, प्रभाव, शुद्धता किंवा मानक यांतील कोणतीही उणीव, अपुरेपणा अथवा न्यून म्हणजे दोष होय, मग ते मानक कायद्याने ठरवलेले असो, कराराने ठरलेले असो वा विक्रेत्याने स्वतःच मिरवलेले असो. चपलेचा प्रभाव आणि शुद्धता कशी मोजावी हा प्रश्न पडणे साहजिक आहे. (प्रभावाची मोजणी महाराष्ट्रात जोडे मारो आंदोलनांतून होत असते, पण त्या वापरासाठी कोणी हमी देत नाही.) व्याख्येचा शेवटचा भाग मात्र ग्राहकाच्या विशेष कामाचा आहे. ‘दहा वर्षं काही होणार नाही’ असे विक्रेत्याने जे तोंडभरून सांगितलेले असते तेही मानकच ठरू शकते, अडचण एवढीच की ते बिलावर लिहून द्या म्हटल्यावर त्याला अचानक दुसरे गिऱ्हाईक दिसते.

ग्राहक कोण, याची व्याख्या त्याहून उदार आहे. मोबदला देऊन वस्तू घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहकच आहे. फक्त पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेणारा यात बसत नाही. बापाच्या वहाणा मुलाच्या पायात येऊ लागल्या की त्याला मित्र मानावे, असे जुने लोक सांगत. कायदा एक पाऊल पुढे जाऊन त्याला ग्राहक मानतो आणि बापाने विकत घेतलेल्या बुटाची तक्रार स्वतःच्या नावाने करू देतो. देवळाबाहेरून किंवा मंगल कार्यालयाच्या दारातून ‘चुकून’ दुसऱ्याच्या चपला घालून आलेल्या गृहस्थाला मात्र हे संरक्षण नाही, कारण तेथे मोबदलाही नाही आणि संमतीही नाही. अशा चपलेचा अंगठा घरी पोचण्यापूर्वी तुटला तर त्याने तो दैवी न्याय समजून सोडून द्यावा हे बरे. लग्नात मेहुण्यांनी लपवलेले बूट नवरदेवाने पैसे मोजून सोडवले, तर त्याने एकाच जोड्याचा दोनदा मोबदला दिला असे होते. पण दुसऱ्या व्यवहाराचे बिल मिळत नाही, आणि ते मागण्याचे धैर्य दाखवलेला नवरदेव नोंदींत आढळत नाही.

प्रत्यक्ष परतीचा प्रसंग गल्ल्यावर घडतो, आणि त्याची संहिता मुंबईपासून नागपूरपर्यंत फारशी बदलत नाही. ग्राहक पिशवीतून जोडा काढतो. विक्रेता तो दोन बोटांनी उचलतो, उलटा करतो, वाकवतो आणि तळव्यावरच्या रेषा न्याहाळतो. ज्योतिषी हातावरून भविष्य सांगतो, तसा विक्रेता सोलवरून ग्राहकाचा भूतकाळ सांगतो, आणि त्याचे पहिले निदान ठरलेले असते: “साहेब, हे पाण्यात गेलंय.” या वाक्याचे सामर्थ्य असे की महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळात ते असत्य ठरणे जवळपास अशक्य असते. पाण्यातून गेला नाही असा जोडा कोकणात दाखवायचा तर तो एप्रिलमध्ये घ्यावा आणि मेमध्ये परत करावा. पाण्याचा आरोप टिकला नाही तर दुसरे निदान ‘तुमची चाल’ असे असते. बहुतेक माणसांची टाच बाहेरच्या कडेने अधिक झिजते, हे निसर्गाचे वैशिष्ट्य आहे. पण गल्ल्यावर ते चारचौघांत सांगितले गेले की ग्राहकाला आपल्या चालचलणुकीविषयीच काही बोलले जात आहे असे वाटू लागते, आणि तो आवाज खाली आणतो. तिसरे निदान नसते. तिसऱ्या पायरीवर मॅनेजर जेवायला गेलेले असतात.

हमीपत्र नावाचा कागद असल्यास त्याचाही अभ्यास उद्बोधक ठरतो. हमी उत्पादनदोषाची, म्हणजे कारखान्यातून निघतानाच वस्तूत असलेल्या दोषाची असते. पाणी, उष्णता, धुणे, टोकदार वस्तू आणि ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज’ यांना ती लागू नसते. ही सारी कलमे एकापुढे एक मांडली तर जो जोडा हमीच्या छत्राखाली उरतो तो बॉक्समध्ये, कोरड्या जागी, पायांवाचून ठेवलेला जोडा होय. आणि विज्ञानाची थट्टा अशी की तोही सुरक्षित नाही. पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेन या हलक्या, फेसाळ बहुवारिकाचा असतो, आणि त्यातील काही प्रकार हवेतील दमटपणाने हळूहळू आपोआप तुटत जातात. या क्रियेला जलीय विच्छेदन, म्हणजे पाण्यामुळे रेणूंची साखळी तुटणे, असे नाव आहे. भाच्याच्या लग्नात एकदा घालून, पुसून, मऊ कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेला बूट तीन-चार पावसाळ्यांनी भाचीच्या लग्नात निघतो, आणि अक्षता पडण्याच्या सुमारास त्याचा तळ शिळ्या ढोकळ्यासारखा भुगा होऊन गालिच्यावर राहतो. बॉक्समधील सिलिका जेलची पुडी ओलावा शोषण्यासाठीच असते, पण ती भरली की थांबते, आणि तिच्यावरचा ‘खाऊ नये’ हा मजकूर हेच त्या बॉक्समधील सर्वांनी मनापासून पाळलेले एकमेव कलम होय. न घातल्याने खराब झालेला जोडा परत नेल्यावर विक्रेता जे सांगतो ते ऐकून न्यायशास्त्राच्या अभ्यासकाने मान डोलवावी: “वापरायला हवा होता, साहेब.”

येथे पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न कळीचा होतो. ज्या इंग्लंडचे जव येथील पायांना अजून चिकटलेले आहेत त्या देशाच्या २०१५ च्या कायद्यात, खरेदीपासून सहा महिन्यांत दिसलेला दोष दुरुस्ती किंवा बदलीच्या मागणीपुरता मुळातच होता असे गृहीत धरले जाते, आणि तसे नव्हते हे दाखवणे विक्रेत्याकडे येते. भारतीय कायद्यात असे गृहीतक नाही. येथे दोष दाखवण्याची जबाबदारी ग्राहकाची, म्हणजे भारताने जव तेवढे घेतले. वास्तविक दोषाचे अचूक निदान करणारा तज्ज्ञ दुकानापासून वीस पावलांवर, रस्त्याच्या कडेला आरी आणि रापी मांडून बसलेला असतो. तो सोलच्या फटीत नख घालतो आणि ‘पेस्टिंग कच्चं आहे, शिवून टाकू का?’ असे विचारतो. पेस्टिंग म्हणजे सोल वरच्या भागाला चिकटवण्याचे काम, आणि ते कच्चे राहिले असेल तर तो शुद्ध उत्पादनदोष होय. पण त्याचे मत कोणी लेखी घेत नाही, आणि त्याच्याकडून शिवून घेतले तर पुरावाच शिवला जातो. शहाण्या ग्राहकाने आधी छायाचित्रे काढावीत, लेखी तक्रार द्यावी आणि टाका नंतर घालावा. बहुसंख्य ग्राहक आधी टाका घालतात आणि छायाचित्रांचा विचार आयुष्यात करत नाहीत.

चावणे हा दोष आहे काय, हा याच प्रकरणातील एक नाजूक उपप्रश्न. मराठीत चप्पल चावते. ती बोचत नाही, घासत नाही, चावते, म्हणजे भाषेनेच तिला दात आणि हेतू दोन्ही देऊन टाकले आहेत. नवी कोल्हापुरी आठवडाभर चावणार, तिला तेल पाजावे लागणार आणि मग ती जन्माची सोबत करणार, हे इतके सर्वमान्य आहे की न चावणारी कोल्हापुरी परत न्यावी काय, अशी शंका यावी. तिचे करकर वाजणे तर कौतुकाचा विषय आहे. तोच आवाज कचेरीत घालायच्या काळ्या बुटातून आला की तो दोष ठरतो, कारण दोष हा वस्तूकडून असलेल्या अपेक्षेवर मोजला जातो. कोल्हापुरीने वाजावे अशीच अपेक्षा असते आणि बुटाने साहेबांच्या केबिनपर्यंत गप्प राहावे अशी असते.

पादत्राणे परत करण्याची परंपरा तशी थोर आहे. भरताने रामाच्या पादुका चौदा वर्षांनी परत केल्या, त्याही न घालता. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत स्वतःच्या हाताने केलेल्या सपाता तेथील सत्ताधारी जनरल स्मट्स यांना भेट दिल्या. स्मट्स यांनी त्या अनेक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, आदरपूर्वक परत पाठवल्या. पंचवीस वर्षांनी, बिलाशिवाय, वापरलेला माल परत आला आणि ‘पाण्यात गेलाय’ असे कारागिराने म्हटल्याची नोंद नाही.

आता त्या पादटिपेकडे वळता येईल. २०१९ च्या कायद्यातील ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या संज्ञेत, म्हणजे कायद्याने निषिद्ध मानलेल्या व्यापारी वर्तनात, दोन गोष्टी थेट या विषयाच्या आहेत: विकलेल्या मालाचे बिल न देणे, आणि सदोष माल परत घेऊन बिलात सांगितलेल्या मुदतीत, व तशी मुदत सांगितलेली नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे. म्हणजे बिलाच्या तळाशी छापायला कायद्याने जागा ठेवली ती मुदतीसाठी, आणि दुकानदारांनी त्या जागेवर नकार छापला. केंद्र सरकारने १९९९ मध्येच राज्यांना लिहून ही ओळ बंद करवण्यास सांगितले होते. ओळ आजही सुखरूप आहे, अक्षरे तेवढी आणखी बारीक झाली. सेलमधला माल असल्याची सबबही चालत नाही, कारण सवलत किमतीत दिलेली असते, सोलमध्ये नव्हे; ‘याची शिवण उसवलेली आहे म्हणून अर्ध्या किमतीत’ असे आधी सांगून विकले असेल तरच त्या शिवणीपुरते बोलता येत नाही. घरबसल्या मागवलेल्या जोड्यालाही २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी हेच संरक्षण दिले आहे. व्यवहारात मात्र पैशांऐवजी क्रेडिट नोट पुढे केली जाते. ही नोट म्हणजे पैसे परत मिळाल्याचा आनंद आणि ते त्याच दुकानात ठेवून येण्याची सक्ती यांचा संयोग असून तिच्या तळाशी तिची स्वतःची पादटीप असते.

गल्ल्यावर निकाल लागला नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कायदा इतका ग्राहकस्नेही आहे की पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, त्यामुळे चपलेच्या बाबतीत शुल्काची काळजी राजघराण्यांनीच करावी. वकील लागत नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यात, संगणकावरूनही करता येते. तिला दोन वर्षांची मुदत आहे. निवाडा साधारण तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा अशी तरतूद आहे. ‘व्हावा’ या विध्यर्थी रूपात मराठी व्याकरण आणि भारतीय न्यायव्यवस्था यांचे पूर्ण एकमत आढळते. तपासणीचा प्रसंग आल्यास जोडा मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे जातो, तिचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा असतो, आणि अहवाल पंचेचाळीस दिवसांत अपेक्षित असतो. ज्या चपलेला घरात दाराच्या आत कोणी येऊ दिले नव्हते ती आता लाखेच्या मोहरेखाली शासकीय अभिरक्षेत राहते. दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, बदली, किंवा किमतीचा परतावा आणि वर भरपाई असे आदेश होऊ शकतात, आणि आदेश न पाळल्यास किमान एक महिन्याच्या कैदेपर्यंत किंवा पंचवीस हजारांपासून पुढे दंडापर्यंत गोष्ट जाऊ शकते. तोवर ग्राहकाने ज्या वाऱ्या केलेल्या असतात त्यांना मराठीत ‘जोडे झिजवणे’ असे म्हणतात. एक जोडा परत करण्यासाठी दुसरा झिजतो, आणि ती झीज नेहमीच्या वापराची असल्याने तिची हमी नसते.

हा खटाटोप हास्यास्पद वाटेल, पण चंडीगडमध्ये २०१९ साली एका ग्राहकाने चारशे रुपयांच्या आत-बाहेरच्या बुटांसोबत दिलेल्या कागदी पिशवीचे तीन रुपये लावल्याबद्दल तक्रार केली, कारण पिशवीवर कंपनीची जाहिरात होती आणि पैसे त्याने भरायचे होते. ग्राहक मंचाने तीन रुपये परत करायला लावले, शिवाय त्रासाचे तीन हजार, खर्चाचे एक हजार आणि ग्राहक विधी साहाय्य निधीत पाच हजार भरण्याचा आदेश दिला. बुटांविषयी तक्रार नव्हती. देशातील पादत्राणविषयक न्यायाचा बहुधा सर्वांत गाजलेला विजय अशा रीतीने पिशवीने मिळवला आहे.

बहुसंख्य तक्रारी मात्र आयोगापर्यंत पोचतच नाहीत. त्या गल्ल्यावरच, मॅनेजर जेवून परतल्यावर, क्रेडिट नोटेवर मिटतात. ग्राहक परत करायला आलेला असतो तो अर्थातच जुनी चप्पल घालून, आणि विक्रेत्याची नजर एव्हाना तिच्याकडे गेलेली असते. ती याच दुकानातली, आठ वर्षांपूर्वीची, दोनदा अंगठा बदललेली आणि अजून चालणारी असते, त्यामुळे ‘आमच्या मालाला काही होत नाही’ हे सिद्ध करणारा सर्वांत भक्कम पुरावा तक्रारदार स्वतःच्या पायांनी घेऊन आलेला असतो. मग नोटेवर नवा जोडा निवडला जातो, तिरक्या आरशासमोर सात पावले होतात, वर दीडशे रुपये भरले जातात, आणि विक्रेता विचारतो, “घालूनच जाताय, की बॉक्समध्ये देऊ?” ग्राहक दाराबाहेर आभाळाकडे बघतो, थेंब पडू लागलेले असतात, तो बॉक्समध्येच द्या म्हणतो, बॉक्स सदऱ्याखाली घेतो आणि जुनी चप्पल फटफट वाजवत पाण्यातून निघून जातो.